लवंग जांभळाची कोण लागते? (तुम्ही विचारा, काकू सांगतील)

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज दोन ओळी लिहून गेले की लवंग आणि जांभूळ एकाच घरातली आहेत, सख्खी भावंडं म्हणा हवं तर. झालं! त्यावर एवढी पत्रं नि मेसेज आलेत की यावेळी गुलाबाची छाटणी, कढीपत्त्याची कीड वगैरे सगळं बाजूला ठेवलंय. दोघातिघांनी तर सरळच लिहिलंय, काकू काहीतरी गफलत होतेय, एक मसाल्याच्या डब्यातली आणि एक टोपलीतलं, यांचं नातं कसलं. तर आधी ते मिटवू आणि मग एकेक प्रश्न घेऊ.

जांभूळ, लवंग, बाजारात मिळतो तो पांढरा-गुलाबी पाणचट जाम (काही ठिकाणी जांब म्हणतात), हे सगळे सिझिजियम या एका वंशातले. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ जुंपलेलं, जोडीनं असलेलं असा आहे, आणि जांभळाची डहाळी बघितलीत तर पानं समोरासमोर जोडीनंच दिसतील, अगदी बैलजोडीसारखी. गेर्टनर नावाच्या जर्मन वनस्पतीतज्ज्ञानं १७८८ मध्ये हे नाव पक्कं केलं. आफ्रिकेपासून पार पॅसिफिकच्या बेटांपर्यंत मिळून या वंशात जवळजवळ १२०० प्रजाती आहेत, झाडांच्या वंशांमध्ये जगात एवढं मोठं खटलं दुसऱ्या कुणाचं नाही. आणि पेरू, निलगिरी, बॉटलब्रश हे चुलत घराणं, म्हणजे कूळ तेच पण वंश वेगळा.

पुस्तकावर विश्वास नसेल तर जांभळाचं एक पान तोडा आणि उन्हाकडे धरून बघा. बारीक बारीक टिपके दिसतील, त्या तेलाच्या पिशव्या. पान चुरगाळलं की वास येतो तो त्यांचाच. पानाच्या कडेला लागून एक शीर सगळ्या पानाला वळसा घालून जाते, साडीच्या काठासारखी, तीही बघा. आता पेरूचं पान घ्या, निलगिरीचं घ्या, वास वेगळा पण टिपके आहेतच. लवंगेत हे तेल इतकं ठासून भरलेलं की आपण तिची फुलाची कळीच वाळवून खातो. हो, लवंग म्हणजे न उमललेली कळी. वरचा गोळा म्हणजे मिटलेल्या पाकळ्या, त्याला धरून असलेले चार दात म्हणजे निदलं. एक लवंग रात्रभर पाण्यात भिजत घाला आणि सकाळी सुईनं उघडून बघा, आत पुंकेसर गुंडाळून ठेवलेले दिसतात. आमच्या शाळेत मी सातवीच्या पोरांना हे करायला लावायचे, अर्धी लवंग तपासायची आणि अर्धी तोंडात टाकायची!

आमच्या प्लॉटवर जांभळाचं झाड आहे, सात वर्षं झाली, उंची दुमजली घराएवढी पण एकही जांभूळ नाही. शेजारचे म्हणतात नर झाड असेल, तोडून टाका. खरं का? (बदलापूर)

अहो तोडू नका हो! आणि बदलापुरात बसून जांभळाचं झाड तोडायच्या गोष्टी करताय म्हणजे कमालच झाली, तुमच्या गावच्या जांभळाला तर भौगोलिक मानांकन मिळालंय.

जांभळात नर झाड आणि मादी झाड असं नसतं. पपईचं ऐकून लोकांनी ते सगळ्यांनाच लावलंय. जांभळाच्या एकाच फुलात पुंकेसरही असतात आणि बीजांडही, मधमाश्या आल्या की काम झालं. तुमच्या झाडात दोष नाही, त्याचं वय झालेलं नाहीये इतकंच. रोप बी पासून आलेलं असणार, बरोबर? बियांचं जांभूळ आठ-दहा वर्षं घेतंच. कलम केलेलं असतं तर पुष्कळ लवकर धरलं असतं.

दुसरं असं की तुम्ही झाडाला काय घालताय ते लिहिलेलं नाही, पण दुमजली उंची म्हणताय म्हणजे खाऊन पिऊन मजेत दिसतंय. अंगणातल्या झाडांचं हेच होतं, लॉनचं पाणी बारा महिने, वर युरिया, मग झाड नुसतं पानं काढत बसतं, त्याला फुलायची गरजच वाटत नाही. दिवाळीनंतर पाणी तोडा, नत्राचं खत बंद करा, शेणखत पावसाळ्याच्या तोंडावर एकदा घाला ते पुरे. आणि दरवर्षी माळ्याकडून शेंडे-फांद्या छाटून घेत असाल तर तेही थांबवा, कारण जांभळाला फुलोरा येतो तो जास्त करून मागच्या फांदीवर, पानं गळून उघड्या पडलेल्या भागावर, ती फांदीच कापली तर फूल कुठून येणार. मार्च-एप्रिलमध्ये पांढरट पुंजके दिसायला लागले की समजायचं, मे अखेर ते जूनमध्ये फळ.

ज्यांना नवीन लावायचंय त्यांनी मात्र बी लावत बसू नका, कलम आणा. पालघर जिल्ह्यात बहाडोली म्हणून गाव आहे, तिथलं जांभूळ इतकं टपोरं की दापोलीच्या कृषी विद्यापीठानं त्यातूनच निवड करून कोकण बहाडोली ही जात काढली. बहाडोलीच्या जांभळालाही मानांकन आहे. मृदुकाष्ठ कलम मागा, म्हणजे कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधलेलं, आणि दोन झाडांत तीस फूट तरी ठेवा, आत्ता ते काडीएवढं दिसतं म्हणून फसू नका. बी लावायचीच हौस असेल तर फळ खाल्लं की लगेच लावा, दहा-पंधरा दिवसांत ती मरते, डबीत जपून ठेवून पुढच्या वर्षी लावू म्हणाल तर एकही उगवणार नाही. आणि एका बीतून दोन-तीन कोंब आले तर घाबरू नका, जांभळात ते होतं, त्यातला जोमदार ठेवायचा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनं जांभूळ आहे. जूनमध्ये गाड्या, फरशा, चपला सगळं जांभळं. मीटिंगमध्ये झाड काढायचा ठराव झालाय. मी एकटी विरोधात आहे, काय सांगू त्यांना? (कोथरूड, पुणे)

पहिलं म्हणजे सोसायटीच्या ठरावाला इथे काही किंमत नाही हे सेक्रेटरींना गोड आवाजात सांगा. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते तुमच्या खाजगी आवारात का असेना. आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्षात धरतात. जुनं म्हणताय तर वय काढून घ्या. गाडीवर डाग पडतात हे कारण अर्जात लिहायला कुणाला तोंड आहे तेही बघू.

पण भांडून झाड वाचतं, शेजार वाचत नाही, म्हणून उपाय सांगते. वर्षाचे बारा महिने आणि त्रास फक्त तीन-चार आठवडे. तेवढ्यापुरती झाडाखाली हिरवी शेडनेट तिरपी बांधा, जांभळं घरंगळून एका कडेला जमतात, डागही नाही आणि वाटून खायला टोपलीभर मिळतात. एक वर्ष फुकट जांभळं खाल्ली की निम्मा ठराव विरघळतो बघा.

आणि डागाचं. सगळे काय करतात, डाग पडला की साबण लावतात. तो जांभळा रंग मोठा लहरी असतो, आंबट लागलं की लालगुलाबी होतो आणि साबण-सोडा लागला की निळा-हिरवट पडतो. (घरी मुलांना करून दाखवा, जांभळाचा रस दोन वाट्यांत, एकीत लिंबू एकीत खायचा सोडा, शाळेतल्या लिटमसपेक्षा भारी.) म्हणून कपड्यावर आधी गार पाणी, मग लिंबू किंवा व्हिनेगर चोळून दहा मिनिटं ठेवायचं, धुऊन टाकायचं आणि साबण शेवटी. गरम पाणी अजिबात नको. गाडीवर मात्र लिंबूबिंबू चोळू नका हां, नुसतं पाणी मारा, तेही त्याच दिवशी.

प्रदर्शनातून ४०० रुपयांना लवंगेचं रोप आणलं, गॅलरीत ठेवलंय, पानं कडेनं करपतायत. लवंगा कधी लागतील? (नाशिक)

खोटं कशाला बोलू, नाशिकच्या गॅलरीत लवंगा लागणं कठीण. रोप विकणाऱ्यानं हे सांगायला हवं होतं. लवंगेला दमट हवा लागते, बारा महिने, लहानपणी सावली लागते, आणि कोरडा वारा तर तिचा वैरीच. तुमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये जो झळा मारतो ना, त्यानंच कडा करपतायत. कुंडी आतल्या बाजूला घ्या, दुपारचं ऊन नको, भोवती दुसऱ्या कुंड्यांची गर्दी करा म्हणजे ओलावा टिकेल, पाणी साचू देऊ नका. जगली तर पानांच्या वासासाठी ठेवा, चहात एखादं पान टाका.

ही मुळात समुद्रात बसून वाढलेली बाई. इंडोनेशियाच्या पूर्वेला मोलुक्का म्हणून बेटं आहेत, तर्नाते, तिदोरे अशी नावं, ज्वालामुखीच्या उतारावरची माती, चहूकडून खारं वारं. कितीतरी शतकं सगळ्या जगाची लवंग त्या मूठभर बेटांवरून यायची. मग डच कंपनी आली. त्यांनी काय केलं, तर लवंग फक्त अंबोन आणि जवळच्या बेटांवर, आपल्या नजरेखाली पिकवायची आणि बाकी बेटांवरची लोकांची झाडं चक्क कापून काढायची, म्हणजे भाव आपल्या हातात. ज्या लोकांनी ती झाडं लावली त्यांच्याच डोळ्यांदेखत. शेवटी फ्रेंचांचा पियेर प्वाव्र नावाचा अधिकारी, त्यानं माणसं पाठवून १७७० च्या सुमारास रोपं पळवून मॉरिशसला आणवली आणि मक्तेदारीला भोक पडलं. तिथून फिरत फिरत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती झांझिबारला पोचली, ओमानच्या सुलतानाच्या अमलात तिथे मळेच्या मळे उभे राहिले, तेही गुलामांच्या मेहनतीवर, हे विसरायला नको. आणि आजची गंमत म्हणजे सगळ्यात जास्त लवंग पुन्हा इंडोनेशियातच पिकते आणि त्यातली बरीचशी तिथलेच लोक सिगारेटमध्ये घालून ओढून टाकतात!

आपल्याकडे लवंग बघायची असेल तर कोकणात जा. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे नारळाच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, लवंग, मिरी लावायची पद्धत बसवलीय, तिला लाखीबाग म्हणतात. वर नारळाची सावली, खाली दमटपणा, लवंगेला घरी असल्यासारखं वाटतं. तरीही सहा-सात वर्षं वाट बघावी लागते आणि मग कळ्या हिरव्याच्या गुलाबी व्हायला लागल्या की उमलायच्या आत हातानं खुडायच्या. चार दिवस उशीर झाला आणि फूल उमललं की मसाला म्हणून किंमत गेली. उन्हात चार-पाच दिवस वाळवून किलोचे तीनशे-साडेतीनशे ग्रॅम उरतात. लवंग महाग का, याचं उत्तर त्या शिडीवर चढलेल्या माणसाला विचारा.

जाता जाता, याच पत्रात दुसरा प्रश्न होता की बाजारातली लवंग चांगली कशी ओळखायची. ग्लासभर पाण्यात टाका. चांगली लवंग बुडते, नाहीतर डोकं वर करून उभी तरंगते. तेल काढून घेतलेली असेल तर आडवी पडून तरंगते. नखानं दाबून तेल सुटतंय का तेही बघा. आणि हो, लवंगी मिरचीत लवंग नसते आणि लवंगी फटाक्यातही नसते, दोन्हींना फक्त तिचं रूप दिलंय.

सासऱ्यांना शुगर आहे. कुणीतरी जांभळाच्या बियांची पावडर दिलीय, त्यांनी गोळ्या बंद करून तीच सुरू केलीय. तुम्ही एवढं जांभळाचं कौतुक करता, तुम्हीच त्यांना दोन शब्द लिहा. (सोलापूर)

दादा, गोळ्या आजपासून सुरू करा. पहिले हे, बाकी नंतर वाचा.

बियांचा उपयोग आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगतात हे मला माहितीय, माझ्या आजीच्या फडताळातही बरणी असायची. उंदरांवर वगैरे प्रयोग झालेत आणि काहींत साखर उतरलेली दिसलीय. पण उंदीर आणि तुम्ही यात फरक आहे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा काढा मधुमेहावर घरोघर पितात, तिथल्या डॉक्टरांनी तो माणसांवर नीट तपासला, काहींना काढा, काहींना शुगरची गोळी आणि काहींना नुसतंच काहीतरी, कुणाला काय दिलंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. गोळीवाल्यांची साखर उतरली, काढ्यावाल्यांची नाही. तो पानांचा काढा होता, बियांची पावडर नव्हे, हे खरंय. पण चालू गोळी सोडून न तपासलेल्या पुडीवर राहण्याइतका भरवसा मी जांभळावर ठेवत नाही, आणि जांभूळ माझं किती लाडकं आहे हे सगळ्यांना माहितीय. पावडर गोळीच्या जोडीला घ्यायची असली तरी डॉक्टरांना सांगून घ्या, दोन्ही मिळून साखर एकदम खाली गेली तर चक्कर येऊन पडाल. जांभळं मात्र खा, मीठ लावून, वाटीभर. वाटी म्हणजे वाटी, परात नव्हे.

आम्ही सिडनीला असतो. घराच्या कुंपणाला लिली पिली नावाची झुडपं आहेत, गुलाबी जांभळट फळं लागतात, आईनं फोटो बघून "हे तर जांभूळ" म्हटलं. खाता येतात का? पानांवर फोड आलेत. आणि आईकडून जांभळाच्या बिया आणू का?

आईला माझा नमस्कार सांगा, नजर पक्की आहे त्यांची! लिली पिली हा सिझिजियमच, तुमच्याकडे त्याच्या कितीतरी जाती रानात आहेत, आणि छाटली की दाट होतात म्हणून कुंपणाला लावतात. फळ खाता येतं, जरा आंबट-तुरट, नुसतं खाण्यापेक्षा जॅम बरा होतो. फक्त झाडावर औषध मारलेलं नाही ना आणि ती लिली पिलीच आहे ना, हे नर्सरीत एकदा दाखवून घ्या.

फोड म्हणजे पान खालून खड्ड्यासारखं आणि वरून उंचवटा असं असेल तर ती सिलिड नावाची इवलीशी कीड, ती पानाखाली बसून रस पिते. दिसायला वाईट पण झाड मरत नाही, ती पानं छाटून कचऱ्यात टाका. पण कोवळ्या पानांवर पिवळीधमक पूड दिसली, हळद सांडल्यासारखी, तर तो तांबेरा. हा रोग ऑस्ट्रेलियात २०१० साली पहिल्यांदा सापडला आणि या अख्ख्या कुळाच्या मागे लागलाय, रानातली काही झाडं तर पार संपत आलीत. तसं दिसलं तर हात लावून इकडे तिकडे पसरवू नका, तिथल्या सरकारी खात्याला कळवा.

आणि म्हणूनच बिया आणू का, याचं उत्तर "नाही". सुटकेसमधून बी, काडी, रोप काहीही न्यायचं नाही, विमानतळावर पकडतात आणि योग्यच करतात. आईला म्हणावं त्याऐवजी जूनमध्ये तिकीट काढून ठेव, मुलंच येतील.

दारात पांढऱ्या जामचं झाड आहे, लगडतं, पण प्रत्येक फळात अळ्या. (वसई)

फळमाशी. फळ रंगावर येताना ती सालीत अंडी घालते, बाहेरून कळतही नाही. औषध मारू नका, जाम धुऊन तसाच कचाकचा खायचा असतो. रक्षक सापळा मिळतो, दापोली विद्यापीठाचा, तो झाडाला टांगा. त्यातल्या वासानं नर माश्या आत जाऊन अडकतात, आणि नवल असं की तो वास ज्याचा, ते मिथाइल युजेनॉल लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलचंच भावंड आहे, म्हणजे जामच्या झाडाची राखण त्याच्या घरचाच वास करतो. सापळा फळ धरल्या धरल्या लावा, अळ्या दिसल्यावर नाही. गळालेली फळं रोज गोळा करून खोल पुरा, तिथेच पडू दिलीत तर पुढची पिढी तुमच्याच अंगणात तयार होते. एवढं करायला वेळ नसेल तर निदान काही घोसांना कागदी पिशव्या घाला, घरापुरते चांगले जाम मिळतील.

महाबळेश्वरहून जांभूळ मध आणला, किंचित कडवट लागतो आणि थंडीत खाली साखर जमली. फसवलं का? (सांगली)

नाही हो. जांभळाचा मध थोडा कडवट-तुरट असतोच, तीच त्याची ओळख. आणि मध गोठणं हे नैसर्गिक आहे, बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा, गॅसवर नको. त्या भागातल्या उंच सड्यांवर जांभूळ, अंजनी आणि पिसा हीच झाडं जास्त, वाऱ्यानं बुटकी झालेली, आपल्या खालच्या जांभळापुढे अगदी खुजी. मार्च-एप्रिलमध्ये ती फुलली की झाडाखाली उभं राहून डोळे मिटायचे, सगळं झाड गुणगुणत असतं. जवळच मांघर आहे, २०२२ मध्ये ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, पुढच्या वेळी तिथे जाऊन पेट्या बघून या. कुणी भाबडेपणानं "यात शंभर टक्के जांभूळच" म्हणालं तर हसून सोडून द्या, मधमाशी काही पाटी वाचून फुलावर बसत नाही.

पाण्याच्या टाकीत जांभळाचं लाकूड टाकलं की शेवाळ धरत नाही, टाकी कधीच धुवावी लागत नाही, असा मेसेज आलाय. टाकू का? (अकोला)

जांभळाचं लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही हे खरं, म्हणून पूर्वी विहिरीच्या तळाशी वापरायचे. पण लाकूड कुजत नाही म्हणून पाणी स्वच्छ राहतं हे कुठून आलं? शेवाळ उजेडानं धरतं. टाकीचं झाकण घट्ट बसवा आणि टाकी धुवा.